आधी पुसतो, मग विचारतो

आमच्या कंपनीत ज्याने जुना प्रोग्राम मोडला, त्याने त्या प्रोग्रामचं खोकं उचलायचं आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत जाईल तिथे बरोबर न्यायचं. मीटिंगला, जेवायला, खाली सिगारेट ओढायला. संडासाला सूट होती. नियम रोवीना पिट्सचा. तिने तो १९८६ साली एका कागदावर टाइप करून भिंतीला लावला: "काल चालत होतं ते उद्याही चाललं पाहिजे." खाली सही. बास. एवढ्यावर तीनशे माणसं घाबरून होती.

खोकी माझ्या ताब्यात असत. मी मार्लिस ओस्टबी, जुन्या प्रोग्रामच्या कपाटाची मालकीण. कपाट म्हणायचं आपलं, खोली होती ती. सहाशे अकरा खोकी. कुणाचं घरखर्चाचं, कुणाचं दातांच्या दवाखान्याचं, एक मधमाश्यांच्या पेट्यांचं, एक नुसतं भविष्य सांगणारं. लोकांनी ती पैसे देऊन घेतली होती आणि त्यांना वाटत होतं की ती कायम चालतील. लोक काय, बिचारे.

आमची कंपनी यंत्राच्या पोटातला मूळ कारभार करत असे. फाइल कुठे ठेवायची, तिचं नाव कुठे लिहायचं, मागितली की कशी द्यायची. हे काम कुणाला दिसत नाही. दिसलं तर बिघडलं समजायचं.

१९९४ च्या नोव्हेंबरमध्ये लाइल केम्पर एकोणीस खोकी घेऊन फिरत होता.

एकोणीस हा कंपनीतला उच्चांक होता. हातात मावेनात, म्हणून त्याने वाचनालयातली चाकांची गाडी आणली. तिचं एक चाक करकरायचं. लाइल येतोय हे लोकांना लांबून कळे आणि ते उगाचच फोन उचलून बोलायला लागत. माणूस तसा चांगला. एकतीस वर्षांचा, उंच, शर्टाचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात. दोन वर्षं एकच काम करत होता, आणि ते काम खरोखर सुंदर होतं. मी सहसा असं म्हणत नाही.

ते काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तोपर्यंत फाइलचं नाव आठ अक्षरांचं असायचं, मागे तीन अक्षरांचं शेपूट. सगळं जग आठ अक्षरांत नावं ठेवत होतं आणि नंतर आपणच ठेवलेलं नाव बघून डोकं खाजवत होतं. लाइलने ठरवलं की माणसांना हवं तेवढं लांब नाव लिहू द्यायचं. पण जुन्या प्रोग्रामना आठच्या पुढे मोजताच येत नाही. लांब नाव दिसलं की ते गांगरतात, आणि गांगरलेला प्रोग्राम काहीही करतो. म्हणून लाइलने प्रत्येक फाइलला दोन नावं दिली. लांब नाव माणसांसाठी. आखूड नाव जुन्या प्रोग्रामसाठी, ते यंत्रच बनवायचं: लांब नावाची पहिली सहा इंग्रजी अक्षरं, मग एक वळवळती रेघ, मग एक आकडा. आणि लांब नाव ज्या ओळीत लिहिलंय त्या ओळीवर त्याने इतक्या परस्परविरोधी खुणा करून ठेवल्या की कुठलाही जुना प्रोग्राम ती बघून म्हणायचा, ही भानगड आपली नाही, आणि पुढे जायचा.

मी तेव्हा त्याला म्हटलंसुद्धा, "लाइल, हे म्हणजे सासूपासून लपवलेला पाहुणा झाला."

"सासू आंधळी नाही मार्लिस," तो म्हणाला. "तिला फक्त काही गोष्टी न बघायची सवय आहे. मी त्या सवयीवर बांधकाम केलंय."

अडचण वेगळीच निघाली. जुने प्रोग्राम फाइल साठवताना एक उद्योग करतात. नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितात, मग जुनी फाइल पुसतात, मग तात्पुरतीला जुनीचं नाव देतात. आखूड नाव, अर्थातच, कारण त्यांना तेवढंच माहीत. लांब नाव जुन्या फाइलचं होतं, ते तिच्याबरोबर गेलं. एखाद्या शिक्षिकेने मोठ्या हौसेने "चौथीच्या मुलांचे निबंध" असं नाव द्यायचं, जुन्या प्रोग्रामात एक स्वल्पविराम सुधारायचा, आणि परत येऊन बघते तर सहा अक्षरं आणि वळवळ. प्रोग्राम चालला, पण माणसाने ठेवलेलं नाव गेलं. रोवीना म्हणाली, हेही मोडणंच. त्यापायी ती एकोणीस खोकी.

लाइलने ऑक्टोबरभर डोकं लावलं आणि तोडगा काढला. फाइल पुसली की तिचं लांब नाव लगेच टाकायचं नाही. एक सेकंद जपून ठेवायचं. त्या सेकंदात त्याच आखूड नावाची दुसरी फाइल जन्माला आली, तर ते लांब नाव तिला द्यायचं. कुणाला काही कळायचं नाही. अठरा खोकी एका दुपारी परत कपाटात आली. मी स्वतः फळीवर लावली.

एक राहिलं. करड्या रंगाचं, पातळ. वर छापलेलं: "टेबलमेट. ओस्टबी अँड सन्स."

मंगळवारी रोवीना आणि लाइल दोघं माझ्या खोलीत आले. रोवीना पंचेचाळिशीची, केस कापलेले, बोलणं त्याहून कापलेलं.

"मार्लिस, या 'टेबलमेट'चं काय करायचं?" ती म्हणाली. "हा प्रोग्राम जुनी फाइल पुसतो आणि अठरा सेकंद काहीच करत नाही. अठरा! मग नवीला नाव देतो. का?"

"असेल काहीतरी कारण."

"काय कारण असणार? अठरा सेकंदांत माझा नवरा दाढी करतो."

"तुझ्या नवऱ्याला दाढी कुठे आहे?"

"म्हणूनच." ती हसली नाही. रोवीना हसत नाही, नोंद घेते. "हे बघ. शुक्रवारी चारला नव्या आवृत्तीची यादी बंद. लाइलची गाडी रिकामी असेल तर लांब नावं या आवृत्तीत जातील. नसेल तर पुढच्या. म्हणजे तीन वर्षं. आणि तोपर्यंत मी त्याला प्रिंटरच्या कामावर पाठवणार, दुसरीकडे जागा नाही."

लाइलचा चेहरा पडला. प्रिंटरवर पाठवणं म्हणजे काय हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. एल्डन ग्रूबरला १९८९ साली दोन महिन्यांसाठी पाठवला होता. तो अजून तिथेच आहे, आणि आता एकटाच बोलतो.

"नाही तर," रोवीना म्हणाली, "हे खोकं जुन्या प्रोग्रामच्या यादीतून काढ. तुझी सही लागेल. कोण वापरतं हे? मी तरी नाव ऐकलं नाही."

"सही करणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"नियम तुझाच आहे. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर आहे. चष्मा लाव."

ती गेली. लाइल मागे रेंगाळला. "मार्लिस, माझी दोन वर्षं आहेत हो त्यात," एवढंच म्हणाला, आणि गाडी ढकलत गेला. एका खोक्याची गाडी. चाक करकरत होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी भविष्य सांगणाऱ्या प्रोग्रामचं खोकं उगाचच उलटं ठेवलं.

आता खरं सांगते. ओस्टबी अँड सन्स नावाची कंपनी नव्हती. हार्लन ओस्टबी माझा नवरा. दिवसभर बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र मांडून बसायचा. बॅलर्डच्या आमच्या लूथरन चर्चमध्ये दर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी लुटेफिस्कची पंगत असते. क्षारात भिजवलेला मासा, वर वितळलेलं लोणी, बाजूला लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. चारशे माणसं जेवतात आणि त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाला कुणाजवळ बसवायचं हे ठरवायचं काम वीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. स्नोरे आणि एल्विक यांच्यात १९५८ पासून एका होडीवरून वाकडं. दोन मॅग्नहिल्डबाई आहेत, त्या एकमेकींना "ती दुसरी" म्हणतात. मी कागदावर रांगा मांडायची, खोडायची, रडकुंडीला यायची. हार्लनने तीन महिने खपून १९८३ साली मला हा प्रोग्राम करून दिला. जगात त्याची एकही प्रत विकली गेली नाही, कारण ती विकायला काढलीच नव्हती.

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात तो गेला. कामावरच, इंजिनाशेजारी, हातात पाना. पुढच्या वर्षी कंपनीने यंत्राचा मूळ कारभार बदलला आणि हार्लनचा प्रोग्राम चालेना. उघडायचा आणि पडायचा. त्या वर्षीची पंगत मी पुन्हा कागदावर मांडली आणि त्या कागदावर बसून रडले. त्याच हिवाळ्यात रोवीनाने तो नियम भिंतीला लावला आणि कपाट माझ्याकडे दिलं.

मग मी काय केलं असेल? छापखान्यात जाऊन एक खोकं करून घेतलं. वर "ओस्टबी अँड सन्स" घातलं. आम्हाला मूल झालं नाही, पण "अँड सन्स" असलं की कंपनी जुनी वाटते. हार्लनच्या प्रोग्रामची चकती आत ठेवली, खोकं फळीवर ठेवलं, यादीत नाव टाइप केलं. महिन्याभरात कुणीतरी पोरगा ते खोकं काखेत घेऊन फिरताना दिसला. दहा दिवसांत त्याने ते दुरुस्त केलं. त्यानंतर आठ वर्षं तीनशे हुशार माणसं, नकळत, माझ्या नवऱ्याचा प्रोग्राम सांभाळत होती. मोडला की उचल खोकं.

चोरी म्हणा. मी म्हणते.

बुधवारी लाइल आला नाही. गुरुवारी सकाळी आला, गाडीशिवाय, खोकं छातीशी धरून. दार लावून घेतलं आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. त्याची सगळी बटणं बरोबर लागलेली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"चाचण्या यंत्रच करतं, माहीत आहे ना तुम्हाला," तो म्हणाला. "नाव राहिलं की गेलं, एवढंच ते लिहितं. पडद्यावर काय येतं ते कुणी बघत नाही. काल मी पहिल्यांदा स्वतः चालवून बघितला."

मी खण उघडला आणि परत लावला.

"साठव म्हटलं की तो जुनी यादी पुसतो. मग पडद्यावर एक प्रश्न येतो. अठरा सेकंद असतो. तुम्हाला माहीत आहे काय येतं ते?"

"मला विचारतोस?"

"'मार्लिस, नक्की ना?'" लाइलने वाचल्यासारखं म्हटलं. "खाली दोन शब्द. हो. नाही."

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

"मी सारखी मन बदलायची," मी म्हटलं. "साठवलं की ओरडायची, हार्लन, थांब, स्नोरेबाईला खिडकीजवळ नको! म्हणून त्याने थांबायला शिकवलं त्याला. अठरा सेकंद मोजून घेतले माझे. म्हणाला, तुझं मन सतरा सेकंदांत बदलतं, मी एक जास्तीचा धरलाय."

"पण जुनी फाइल तर आधीच पुसलेली असते!" लाइल कळवळून म्हणाला. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीने खरोखर दुखतं. "आधी पुसतो आणि मग विचारतो?"

"हार्लन होता तो. आमची गाडी विकून आला आणि मग म्हणाला, मार्लिस, विकूया का?"

"तुम्ही कधी 'नाही' दाबलंत?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही. भीती वाटायची. नाही म्हटलं आणि सगळंच गेलं तर?"

लाइलने खोकं मांडीवर फिरवलं. "मी आतलं सगळं वाचलं. 'नाही' दाबलं तर काय होतं, बघितलं."

"काय होतं?"

"तेच. दोन्हींचा परिणाम एकच आहे. अठरा सेकंद थांबतो आणि तुमचं नवं साठवतो. 'नाही'ला त्याने काही जोडलेलंच नाही."

मला हसू फुटलं. मग ते हसू राहिलं नाही. लाइल खिडकीकडे बघत बसला. खिडकी नव्हती तिथे, नुसती भिंत होती. भला माणूस. मी नाक पुसलं, खणातून कागद काढला, "टेबलमेट यादीतून काढण्यास हरकत नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली.

"घे," मी म्हटलं. "तुझी दोन वर्षं जिवंत आहेत. त्याची अकरा झाली. पुष्कळ झाली. जा आता, आणि तोंड वर कर, प्रिंटरवर नाही जायचंय तुला."

त्याने कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. खोकं घेऊनच गेला. मला वाटलं, आता ते परत फळीवर यायचं नाही, आणि मी फळीवरची ती जागा सरकवून बुजवली. चार बोटांची जागा. शेजारी मधमाश्या होत्या, त्यांना जरा ऐसपैस झालं.

शुक्रवारी चारला मीटिंग. बारा माणसं, एक लांब टेबल, मधे डोनटचा डबा, त्यात उरलेला एक अर्धा. सभ्य माणसांत शेवटचा तुकडा कुणी पूर्ण घेत नाही, अर्धा करून ठेवतात. तो आणखी अर्धा झाला. मी भिंतीशी बसले होते.

करकर ऐकू आली. लाइल गाडी ढकलत आत आला. गाडीवर करडं खोकं.

"हे काय?" रोवीना म्हणाली. "कागद आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," लाइल म्हणाला. "देणार नाही."

"मग तुझी गाडी रिकामी नाही."

"रिकामी आहे. खोकं परत द्यायला आणलंय. चालतंय ते." त्याने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "एका सेकंदाचे वीस केले. सहाशे अकराच्या सहाशे अकरा चालवून बघितले, काल दुपारपासून आत्तापर्यंत. एकही पडला नाही."

"आणि जागा? आमच्या गिऱ्हाइकांच्या यंत्रात चार मेगाबाइट असतात, लाइल. पुसलेल्या प्रत्येक फाइलचं नाव वीस सेकंद कवटाळून बसायचं?"

"प्रत्येक नाही. शेवटच्या काहींचंच. नवं आलं की सगळ्यात जुनं सोडायचं. एका चित्रापेक्षा कमी जागा लागते."

"आणि कुणी रागाने फाइल पुसली, नि दहाव्या सेकंदाला त्याच नावाची नवी केली? मेलेल्याचं नाव तिच्या डोक्यावर?"

"रागाने पुसणाऱ्याने वीस सेकंद दम खावा," लाइल म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण म्हणाला. टेबलाशी बसलेल्यांपैकी दोघांनी फोन नसताना फोनकडे बघितलं.

रोवीनाने गठ्ठा चाळला. पान पान. मग बोट एका ओळीवर ठेवलं. "वीसच का? दहा का नाही? तीस का नाही?"

"अठरा लागतात. दोन जास्तीचे धरले."

"कुणाला लागतात अठरा? कोण वापरतं हे? किती जण?"

लाइलने गाडीवरचं खोकं सरळ केलं. कागद त्याच्या खिशात होता, माझं नाव त्याच्या तोंडात होतं, आणि त्याने दोन्हींतलं काहीच बाहेर काढलं नाही. त्याला तिथेच प्रिंटर दिसत असणार. मला बसवेना.

"एक जण," मी उभी राहून म्हटलं. "मी. हार्लनने लिहिलाय तो, माझ्या नवऱ्याने. कंपनी वगैरे काही नाही. खोकं मी छापून घेतलं, यादीत मी घुसडलं, आठ वर्षं तुम्हा सगळ्यांकडून फुकट राबवून घेतलं. चर्चच्या पंगतीची माणसं बसवतो तो. झालं? आता काय करायचं ते माझं करा, या पोराचं नाही."

रोवीना उठली, भिंतीपाशी गेली आणि स्वतःचा आठ वर्षांपूर्वीचा कागद वाचायला लागली. एवढी एक ओळ, पण तिने बराच वेळ वाचली.

"यात संख्या नाही," ती म्हणाली. "किती जणांचा प्रोग्राम, ते लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. लिहिलं नाही." ती परत आली, बसली. "काल चालत होता?"

"हो," मी म्हटलं.

"मग उद्या चालेल." तिने लाइलच्या गठ्ठ्यावर सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "आणि मार्लिस, ते 'अँड सन्स' खोडून टाक. शहाऐंशीपासून माझ्या डोळ्यांत खुपतंय."

शहाऐंशीपासून! म्हणजे बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मंगळवारी म्हणे नाव ऐकलं नाही. नोंद घेऊन ठेवली होती, बास. माझी बोलती बंद झाली, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, ही बातमी आहे.

लाइलने खोकं माझ्या हातात दिलं. त्याच्या कागदपत्रांत अजूनही तेवढंच लिहिलेलं आहे: वीस सेकंद, कारण "प्रत्यक्ष गरज". पुढे आलेल्या नव्या पोरांनी त्यावर बऱ्याच चर्चा केल्या. चकतीच्या वेगामुळे असेल, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, माणसाच्या स्मरणशक्तीचा अभ्यास केला असेल. मी तिथेच बसलेली असायची. एकाने मला विचारलं नाही.

पंगतीच्या आदल्या दुपारी मी चर्चच्या तळघरात यंत्रासमोर बसले होते. लाइलने कच्ची आवृत्ती स्वतः येऊन घालून दिली होती आणि जाताना दोन लेफ्से खाल्ल्या होत्या. मागे बायका बटाटे सोलत होत्या. दोन्ही मॅग्नहिल्ड दोन टोकांना.

आजवर मी यादीला आठ अक्षरांत नाव देत आले होते. पंगत आणि साल, संपलं. आता नावाची जागा रिकामी होती आणि लांबच लांब होती. मी बोटं ठेवली आणि आधी काही सुचेना. मग टाइप केलं: "हार्लन या वर्षी स्नोरे आणि एल्विक एकाच टेबलावर बसवलेत म्हातारा एल्विक स्वतः म्हणाला बसतो आता किती दिवस राहिलेत तू असतास तर घाबरून खिडक्या मोजल्या असत्यास गुडघा दुखतो माझा पण बरी आहे."

मग टेबलमेट उघडला. त्याला लांब नाव दिसत नाही. त्याच्या यादीत फक्त आखूड नाव आलं, यंत्राने बनवलेलं, पहिली सहा अक्षरं आणि वळवळ. HARLAN~1. त्याला तेवढंच वाचता येतं.

मी एल्विकला स्टोव्हच्या बाजूला सरकवलं, म्हाताऱ्याला थंडी वाजते, आणि साठव म्हटलं. चकती कुरकुरली. जुनी यादी गेली. पडद्यावर आलं: मार्लिस, नक्की ना?

मी "नाही" दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

प्रश्न तसाच राहिला. मी मोजत होते. बाराव्या सेकंदाला वाटलं, लाइलने चुकीचं वाचलं असेल तर? पंधराव्याला मी टेबलाची कड धरली. अठराव्याला चकती पुन्हा कुरकुरली आणि सगळं साठवलं गेलं.

मी बाहेर येऊन फाइलींची यादी बघितली. लांब नाव जागेवर होतं. एल्विक होता, खिडक्या होत्या, गुडघा होता. हार्लनच्या हाताखालून गेलं होतं सगळं, त्याने वाचलं नव्हतं आणि पुसलंही नव्हतं.

"मार्लिस!" मागून एक मॅग्नहिल्ड ओरडली. "लोणी किती वितळवायचं?"

"दुसरीला विचार," मी म्हटलं, आणि एल्विकला परत खिडकीकडे सरकवून आणखी एकदा साठव म्हटलं.